गाडीतला विद्यार्थी आणि आपले साहित्य

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी आलेल्या कथा मी वाचीत होतो. एका कथेचा नायक वसतिगृहाच्या खिडकीशी बसून पाऊस पाहतो, मित्रांशी रात्रभर वाद घालतो, पहाटे टपरीवर चहा पितो. ही कथा लिहिणारा मुलगा माझ्याच वर्गातला. तो वांगणीहून येतो. अंधारात घर सोडतो, कर्जतहून येणारी गाडी धरतो आणि बदलापूरची गर्दी आत शिरण्यापूर्वी दोन पाय ठेवण्यापुरती जागा मिळवतो. वसतिगृह त्याने आतून कधी पाहिलेले नाही. मी विचारले, "हे तुला कुठून सुचले?" तो म्हणाला, "सर, कॉलेजची गोष्ट अशीच असते ना?"

हा दोष त्या मुलाचा नाही. कॉलेजची गोष्ट अशीच असते, हे त्याला मराठी साहित्यानेच शिकवले आहे.

आपल्या कथा-कादंबरीतला विद्यार्थी बहुधा खोलीत राहतो. कॅन्टीन, गॅदरिंग, रूम-पार्टनर, मेसचे बिल हे त्याचे जग. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक कादंबरी. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, होस्टेलवर राहतो, पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. मध्यमवर्गीय अभिरुचीला या कादंबरीने दिलेला धक्का मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या निरर्थकतेच्या जाणिवेखाली एक भक्कम जमीन आहे, आणि ती अक्षरशः जमीन आहे. नापास झालेल्या पांडुरंगाला परतायला बापाचे घर आहे, शेत आहे. आमचा विद्यार्थी नापास झाला तर कुठे परतणार? तो तर रोज संध्याकाळीच परततो. ज्या दहा बाय दहाच्या खोलीतून सुटण्यासाठी तो शिकतो, त्याच खोलीत रोज रात्री त्याला पाठ टेकावी लागते. त्याच्या वाट्याला निरर्थकता येत नाही, थकवा येतो. हे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिल्याला आपण तत्त्वज्ञान म्हटले आणि दुसऱ्याला अनियमितपणा.

आता प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. दलित आत्मकथनांनी शिक्षणाची वाट सांगितली नाही काय? सांगितली, आणि ती सांगताना मराठी गद्य बदलून टाकले. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना एकमेकांना चिकटून उभे राहतात. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये शाळेसाठी झालेली पोराची परवड आहे. पण या लेखनाचा भर मुख्यतः गाव, शाळा, बोर्डिंग आणि वस्ती यांवर राहिला. १९८२ च्या गिरणीसंपानंतर परळ-लालबागची कितीतरी कुटुंबे कल्याण, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत फेकली गेली. त्यांची मुले मुंबई विद्यापीठात शिकू लागली. कर्जत शंभर किलोमीटरवर, कसारा सुमारे एकशेवीस. एवढ्या अंतरावर एक नवे विद्यार्थिजीवन तयार झाले आणि आपल्या लेखनात त्याची नोंद फार तुरळक झाली.

बाबासाहेबांना हा प्रश्न कळला होता. ते स्वतः परळच्या चाळीतून एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ मध्ये बी. ए. झाले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि नागसेनवनात मुलांच्या निवासाचीही सोय झाली. विद्यार्थी कुठे राहतो आणि दिवसाचा कोणता तास त्याचा स्वतःचा आहे, हे आधी पाहायचे आणि मग कॉलेजची वेळ ठरवायची, असा हा विचार. आज आपण हा क्रम उलटा करून बसलो आहोत.

कारण वेळेचीही एक उतरंड आहे. ७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना सारखाच, पण रुळांवर पाणी साचले की गैरहजेरी फक्त एकाची लागते. चर्चासत्र दुपारी चारनंतर रंगते, तेव्हा हा घड्याळ पाहत असतो. कलिन्याच्या विद्यानगरीतून बस धरून कुर्ला गाठायचे, तिथून गाडी. ग्रंथालयात बसण्याची खरी वेळ संध्याकाळची, आणि तीच नेमकी त्याच्या हातातून जाते. माझ्या विद्यार्थिदशेत एका प्राध्यापकांनी भर वर्गात मला ऐकवले होते, "तुम्हा लोकांना वेळेची किंमत नाही." 'तुम्हा लोकांना' या शब्दांत गाडी उशिरा आल्याचा उल्लेख नव्हता.

मग या अनुभवाचे साहित्य कसे व्हावे? गर्दीचे, घामाचे वर्णन केले की झाले, असे नाही. ते वर्तमानपत्रही करते. डब्यात रोजच्या प्रवाशांचे गट असतात, त्यांच्या ठरलेल्या जागा असतात, भजने असतात, वाढदिवसाचे पेढे असतात. त्या गटात नव्याने बसलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी आडनाव विचारले जाते. गर्दी जात विसरायला लावते, ही समजूत तिथे तपासता येते. महिलांच्या डब्यात भाजी निवडत घरी जाणाऱ्या बाईशेजारी उभी राहून एखादी मुलगी नोट्स पाठ करते. घरी पोचल्यावर तिलाही भाजीच निवडायची असते. इथे जात, वर्ग आणि बाईपण एका दांडीला लोंबकळतात. ही सामग्री उसनी आणावी लागत नाही. ती पाहण्याचे धैर्य मात्र लागते, कारण साहित्यात बसेल तेच आपले जगणे, असे आपल्याला पढवले गेले आहे.

ती कथा मी परत केली आणि म्हणालो, "तुझ्या गाडीचे लिही." तो गप्प राहिला. मग म्हणाला, "लिहीन सर, पण कधी लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. समीक्षक म्हणून मी त्याच्याकडे अस्सल अनुभव मागत होतो, आणि तो अनुभवच त्याच्या लेखनाचा वेळ खात होता. म्हणून वसतिगृहाची मागणी, रात्री उघड्या राहणाऱ्या अभ्यासिकेची मागणी, हजेरीच्या नियमातल्या माणुसकीची मागणी या केवळ विद्यार्थी संघटनांच्या मागण्या नाहीत. त्या साहित्याच्याही मागण्या आहेत. कार्यकर्त्यांनी त्या मोर्चात मांडाव्यात, आणि माझ्यासारख्या प्राध्यापकांनी निदान उशिरा आलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यापूर्वी तो कुठून आला, हे विचारावे.