दिलजोई आणि दिलशिकनी : 'कुराण-सार'च्या निमित्ताने

दुसऱ्याविषयी वाईट वाटणे वेगळे आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे म्हणणे ऐकणे वेगळे. पहिल्याला मराठीत सहानुभूती म्हणतात, दुसऱ्याला समानुभूती. आमच्या उर्दूत मन राखणे म्हणजे दिलजोई आणि मन मोडणे म्हणजे दिलशिकनी. ऐकून घेतल्याशिवाय दिलजोई होत नाही, असे आमचे मत आहे. या कसोटीवर येथे एक पुस्तक पाहावयाचे आहे.

पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला. कुरआन शरीफ मुळातून वाचता यावा म्हणून ते अरबी शिकले. फाळणीनंतर १९४८ मध्ये विस्थापित मेव मुसलमानांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी मेवातमध्ये काम केले. निवडक आयतींचे त्यांचे संकलन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी भाषा, मग माणसे आणि शेवटी ग्रंथ, हा क्रम आम्हास महत्त्वाचा वाटतो.

कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये समानुभूतीची व्याख्या करताना 'जणू' या शब्दावर भर दिला. दुसऱ्याचे जग जणू आपलेच आहे असे अनुभवावे, पण ते 'जणू' विसरू नये. 'गीताई' लिहिणारे विनोबा 'कुराण-सार' करतानाही 'गीताई'चेच विनोबा राहिले. बी.एड.च्या पुस्तकात एका ओळीत संपणारी ही व्याख्या येथे प्रत्यक्ष दिसते.

तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. आयती विषयवार लावल्या की सुरहचा क्रम सुटतो आणि आयत कोणत्या प्रसंगी उतरली, तो संदर्भ मागे पडतो. भक्ती, नीती ही शीर्षके निवडणाऱ्याची आहेत. प्रेमाने ऐकणारासुद्धा आपल्याला भावते तेच अधिक ऐकतो. मात्र हे वाचून सांगणे म्हणजे दिलशिकनी नव्हे. पुस्तक हाती न घेताच झिडकारणे ही दिलशिकनी होय, आणि या पुस्तकावर तर प्रसिद्ध होण्याआधीच पाकिस्तानातून टीका झाली.

घरोघरी मने मोडतात तीही याच रीतीने. ऐकण्याआधी उत्तर तयार असते. पेण-रोह्याकडील आमच्या मुलांची घरची बोली कोकणी, शाळेची भाषा उर्दू आणि बाजाराची मराठी. मुलगी घरच्या बोलीत आपले दुःख सांगू लागली की शिक्षक आधी तिचा उच्चार सुधारतात. घरी गेल्यावर तिला 'त्यात रडण्यासारखे काय?' असे ऐकावे लागते. ती गप्प होते आणि मोठ्यांना वाटते, समजूत पटली. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी ती सांगतच नाही.

आमच्या कथा-कवितांचेही थोडे असेच आहे. भाड्याने घर न मिळणे, नाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलणे, हे दुःख त्यांत पुष्कळ आले आहे आणि ते खरे आहे. परंतु बाहेर नाकारला गेलेला हाच नायक घरी येऊन बायकोचे, बहिणीचे बोलणे कसे तोडतो, ते फार थोड्यांनी लिहिले. ते लिहिले गेले तर बाहेरच्या दुःखाचे वजन कमी होणार नाही, उलट नायक अधिक खरा होईल.

गागोद्याच्या माणसाने आमचे ऐकण्यासाठी परकी लिपी गिरवली. आपल्या माणसाचे ऐकण्यास एवढे कष्ट पडत नाहीत. त्याचे वाक्य तेवढे पुरे होऊ द्यावे लागते.