‘तोत्तोचान’मधील वर्गशिक्षिका आणि झाडीपट्टीतील वर्ग

शिक्षकाच्या अनुभवाचे जे वाङ्मय मराठीत वाचले जाते, त्याची समीक्षा बहुधा शिक्षणशास्त्राचे अभ्यासक करतात. आणि त्यांना त्या ग्रंथांतून तत्त्वे हवी असल्यामुळे ग्रंथाची रचना, त्यातील दृष्टिकोन, कोणाला नाव मिळाले आहे व कोण निनावी राहिले आहे, ह्या गोष्टींकडे त्यांचे लक्ष सहसा जात नाही. साहित्याच्या अभ्यासकाने ह्या वाङ्मयाकडे वळावे असे आम्हांस वाटते ते एवढ्याचसाठी. अशा पुस्तकांतून शिक्षकाची एक प्रतिमा घडते, ती प्रतिमा घेऊन तरुण शिक्षक वर्गात पाऊल टाकतो, आणि ती तेथे टिकली नाही म्हणजे दोष प्रतिमेचा नसून आपला आहे असे समजतो. प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने मुख्यतः एका ग्रंथाचा विचार करावयाचा आहे, आणि तो भंडारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेच्या वर्गात उभे राहून करावयाचा आहे.

तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे ‘तोत्तोचान’ जपानी भाषेत १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख-गोसावी ह्यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला, आणि शिक्षकवर्गात तो इतका रुळला की हे पुस्तक परके आहे ह्याचा विसर पडावा. एका शाळेतून काढून टाकलेली खोडकर मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए ही शाळा, आणि पहिल्याच भेटीत त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी, एवढे सांगितले तरी वाचकांच्या डोळ्यांपुढे सारे पुस्तक उभे राहील. त्यात पोलिओने पाय व हात अधू झालेला यासुआकी आहे आणि ज्याची उंची वाढणार नाही असा ताकाहाशी आहे. भिन्न गरजा असलेल्या मुलांना सामावून घेणारी शाळा कशी असावी, ह्याचा दाखला म्हणून आपल्याकडे ‘तोत्तोचान’चे नाव घेतले जाते ते ह्या दोघांमुळे.

ह्या दोन मुलांसंबंधीचे जे प्रसंग वाचकांच्या स्मरणात राहतात, ते कोणते? पहिला यासुआकीच्या झाडावर चढण्याचा. हा प्रसंग सुटीत घडतो, घरच्या माणसांना पत्ता नसतो. तोत्तोचान रखवालदाराच्या खोलीतून आधी एक शिडी ओढीत आणते, ती डळमळते म्हणून दुसरी घडीची आणते, आणि प्राणपणाने त्याला वर ओढून घेते. प्रसंग अतिशय हृद्य आहे ह्यात शंका नाही. परंतु त्यात शिक्षक कोठे आहे? आदर्श शाळेविषयीच्या ह्या ग्रंथातील सर्वात गाजलेला प्रसंग शिक्षकाच्या पश्चात, किंबहुना शिक्षक नसल्यामुळेच, घडू शकला आहे. कोणत्याही शाळेत शिक्षकाच्या देखत असे काही घडले असते, तर त्याला शिडी काढून घ्यावीच लागली असती.

दुसरा प्रसंग क्रीडादिनाचा. कोबायाशींनी खेळ अशा युक्तीने आखले आहेत की आखूड पायांचा ताकाहाशी प्रत्येक शर्यत जिंकतो. येथे शिक्षकाची प्रतिभा दिसते, आणि ती खरी प्रतिभा आहे: मुलाला सवलत न देता खेळाची घडणच बदलणे. मात्र हे करणारे शाळेचे संस्थापक आहेत, शाळा त्यांची स्वतःची आहे, विद्यार्थी सारे मिळून पन्नासाच्या आसपास आणि तोत्तोचानच्या वर्गात अवघे नऊ. वेळापत्रक त्यांचे, मैदान त्यांचे, बक्षिसादाखल भाजीपाला देण्याची लहरही त्यांचीच. ह्यातले काहीही वर्गशिक्षकाच्या हातात नसते.

वर्गशिक्षिका ह्या पुस्तकात एकदाच खऱ्या अर्थाने समोर येते. पूर्वी माणसाला शेपूट होते अशी गोष्ट वर्गात निघाली असता ती थट्टेने ताकाहाशीला विचारते की, तुला अजून शेपूट आहे काय. पुढे कोबायाशी तिला ह्याबद्दल बोलतात. तेही शिक्षकांच्या खोलीत नव्हे, तर आपल्या घरच्या स्वयंपाकघरात, इतरांच्या कानांवर जाऊ नये म्हणून. तोत्तोचान हे बाहेरून ऐकते. शिक्षिका रडत असते. आमच्या मते हे प्रकरण ग्रंथाचे मर्म आहे, आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष हीच ह्या ग्रंथाच्या आपल्याकडील वाचनातली मोठी उणीव आहे. ही बाई दुष्ट नाही, आळशी नाही. तिने ताकाहाशीचे वाईट चिंतिलेले नाही. वर्ग रंगला होता, एक वाक्य तोंडून गेले, आणि ज्या मुलाला ते लागायचे होते त्याला ते लागले. भिन्न गरजांच्या मुलांबाबत शिक्षकाच्या हातून जे प्रमाद होतात, ते बहुतांशी ह्याच जातीचे असतात. पण ग्रंथ तिच्यापाशी थांबत नाही. लेखिका लहान मुलीच्या नजरेशी प्रामाणिक राहिली आहे, आणि लहान मुलीला कोबायाशींचा राग समजतो, बाईंची अडचण समजत नाही. हा लेखिकेचा दोष नव्हे. दोष आपला, की मुलीच्या नजरेतून लिहिलेले पुस्तक आपण शिक्षकाची मार्गदर्शिका म्हणून वाचले.

गिजुभाई बधेका ह्यांच्या ‘दिवास्वप्न’विषयी (१९३२) थोडक्यात एवढेच म्हणता येईल की तेथे निदान शिक्षक स्वतः बोलतो, हरतो, सहकाऱ्यांची चेष्टा सोसतो. परंतु अधिकाऱ्याने त्याला एक इयत्ता, एक वर्ष आणि प्रयोगाची मोकळीक दिलेली आहे. चौथीचा वर्ग आणि फक्त चौथीचा वर्ग!

भंडारा जिल्ह्यातील खेड्यात ही चैन नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असल्यास शिक्षक दोन. म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटावयाच्या, ही आपत्ती नसून नियमच आहे. तेव्हा एका शिक्षकापुढे एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता बसलेल्या असतात, आणि भिन्न गरजेचे मूल ह्या आधीच विभागलेल्या लक्षाचा आणखी एक वाटा मागते. त्यात रोवणीच्या दिवसांत मोठ्या भावंडांची गैरहजेरी आणि धाकट्यांना शाळेत सोबत आणणे ह्यांची भर. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एका निकालानंतर विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असे ठरविण्यात आले. प्रमाण योग्यच आहे. परंतु ज्या गावच्या शाळेत असे मूल एक किंवा दोन असते, तेथे विशेष शिक्षक हा फेरीने येणारा पाहुणा ठरतो, आणि उरलेले दिवस वर्गशिक्षकाचे असतात.

ह्या जिल्ह्यात एक गरज अशी आहे की जी तोमोएला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सिकलसेल हा रक्तदोष पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी नागपूरच्या शुक्ल व सोळंकी ह्या वैद्यकीय संशोधकांनी १९५८ मध्येच लिहिले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत सिकलसेलचा समावेश झाला. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. कागदावर म्हणजे ह्या मुलाला आता नाव आहे. वर्गात मात्र त्याच्या अंगावर काहीही दिसत नाही. चाक असलेली खुर्ची नाही, कानातले यंत्र नाही, जाड काच नाही. तो फक्त वारंवार गैरहजर राहतो, थंडीत कुरकुरतो, कवायतीला मागे उभा राहतो, सारखे पाणी पितो आणि सारखी लघवीची परवानगी मागतो. वैद्यक सांगते की ह्या रोगात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते, आणि शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले तर वेदनेचा झटका येऊ शकतो. शिक्षक मात्र शिस्तीच्या परिभाषेत वाचतो. त्याच्या दृष्टीने हीच सर्व चिन्हे कामचुकार मुलाची असतात. शेपटीच्या प्रश्नाची जात हीच. ‘किती वेळा बाहेर जाशील?’ हे वाक्य आपल्याकडे रोज उच्चारले जाते.

ह्यावर सोपा उपाय सुचतो तो हा की, शिक्षकाला आजाराची माहिती द्यावी. येथे खरी पेचाची जागा आहे. सिकलसेल आनुवंशिक आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. म्हणून मुलाचे नाव उघड झाले की घराचे नाव उघड होते, आणि लग्नाच्या बाजारात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, त्याची किंमत कुटुंबाला चुकवावी लागते. बहुधा आई गप्प बसते ती अज्ञानामुळे नव्हे. शिक्षकाला कळावे, पण वर्गाला कळू नये. शिक्षकाने सवलत द्यावी, पण ती सवलत म्हणून दिसू नये. कोबायाशी आपल्या शिक्षिकेला स्वयंपाकघरात घेऊन गेले ह्याचे मोल येथे कळते. ज्या शाळेत दोनच खोल्या आहेत आणि भिंतीपलीकडे तिसरीचे पाढे ऐकू येतात, तेथे हे स्वयंपाकघर कोठून आणावे? एक मार्ग आहे, आणि तो क्रीडादिनाच्या धर्तीचा आहे. पाण्याची व बाहेर जाण्याची मोकळीक सर्वांनाच द्यावी, हिवाळ्यात सकाळची कवायत उन्हात घ्यावी आणि उन्हाळ्यात सावलीत, म्हणजे कोणालाही निवडून काढावे लागणार नाही. पण गैरहजेरीत बुडालेल्या अभ्यासाचे काय, ह्याला तेवढे सोपे उत्तर नाही.

दुसरी गरज बोलीची. ही अपंगत्व नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. आणि तरीही ती अपंगत्वाच्या शेजारी येऊन बसते. झाडीबोलीच्या अभ्यासाला साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली हे येथे सांगावयास नको. ह्या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’, ‘श’च्या जागी ‘स’ येतो. तेव्हा मूल ‘पानी’ लिहिते, ‘डोरा’ लिहिते, आणि वहीवर तांबडी रेघ ओढली जाते. आता २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन-अक्षमतेची प्राथमिक चाळणी तिसरी इयत्ता किंवा वयाचे आठवे वर्ष ह्यांपैकी जे आधी येईल तेव्हा शाळेच्या शिक्षकांनीच करावी असे ठरविले आहे. म्हणजे वहीतील चूक ही बोलीची की वाचनदोषाची, हा निर्णय त्या दोन शिक्षकांपैकी एकाने घ्यावयाचा. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी येथे साहाय्य करू शकतो, आणि आमच्या विभागाने ते केले पाहिजे. बोलीतून येणारी चूक नियमबद्ध असते: ‘ण’ जेथे जेथे आहे तेथे तेथे ‘न’ येणार. वाचनदोषाच्या चुका बहुधा अशा बांधील नसतात; एकच शब्द एकाच पानावर निरनिराळ्या रूपांत येतो, अक्षरांचा क्रम उलटतो, वेलांटी भटकते. ज्याला बोलीचे नियम ठाऊक नाहीत त्याला हा भेद दिसणार नाही. मग दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. निरोगी मुलावर शिक्का बसतो; आणि ज्याला खरोखर साहाय्य हवे, त्याच्याविषयी ‘ह्या भागातली मुले असेच लिहितात’ असे म्हणून प्रकरण मिटवले जाते. दुसरा अन्याय अधिक गंभीर, कारण तो सहानुभूतीच्या पोटी होतो.

मराठीत ह्या प्रश्नाला अधिक जवळचे वाङ्मय आहे, ते कोसबाडचे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ आरंभापासून त्यांच्याबरोबर होत्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणात गेली. अनुताईंच्या लेखनात प्रज्ञेचा चमत्कार नाही, शैलीचा डौलही नाही. कोठे कोठे ते अहवालासारखे रुक्ष होते. परंतु त्यात ‘वेगळे मूल’ अपवाद म्हणून येत नाही. तेथे सारा वर्गच वेगळा आहे, आणि बदलणे शाळेच्या वाट्याला आले आहे. ‘तोत्तोचान’च्या तुलनेत ह्या लेखनाचे वाचक कमी आहेत ह्याचे कारण आम्हांस उघड दिसते. त्यात आपल्याला रडू येत नाही. मात्र कोसबाडला एक संस्था पाठीशी होती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, आणि त्याने एका मुलाविषयी जे जाणले ते त्याच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जाते. तुमसरच्या शाळेत तीन वर्षांत कमावलेली ओळख लाखांदूरला उपयोगी पडत नाही.

ह्या शिक्षकाचे पुस्तक मराठीत अद्याप आमच्या वाचनात नाही. शब्द मात्र आपण भराभर बदलले: पंगू, अपंग, विकलांग, विशेष गरजा असलेले, दिव्यांग. शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. ‘शेपूट’ ह्या एका साध्या शब्दाने तोमोएच्या वर्गात काय केले हे ज्याने वाचले आहे, तो शब्दांचे महत्त्व कमी लेखणार नाही. पण कोबायाशींनी त्या बाईंना नवा शब्द शिकविला नव्हता. रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती बाई वर्गात आली असणार, हजेरी घेतली असणार, ताकाहाशीचे नाव उच्चारताना तिचा आवाज कसा झाला असेल, हे ग्रंथात नाही. तोत्तोचान तेव्हा आपल्या जागेवर, खिडकीबाहेर पाहत बसली असावी.