नसणे आणि मनाई असणे

'व्हर्च्युअल मेमरी'ला मराठीत 'आभासी स्मृती' म्हणतात. हा शब्द आम्हाला पटत नाही, पण त्याहून मोठी तक्रार पुढे आहे.

आधी व्यवस्था पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, पत्त्यांचा स्वतंत्र पट देते. ३२ बिटांच्या यंत्रावर तो ४ जीबीचा, मग प्रत्यक्ष मेमरी १ जीबीच का असेना. पत्ता मागितला की प्रोसेसर 'पेज टेबल' ही नोंदवही पाहून खरी जागा काढतो. दोन प्रोसेस एकच पत्ता मागतात आणि वेगवेगळ्या जागी पोचतात.

आता यात आभास कुठे आहे? दोरीवरचा साप दिवा आणला की जातो, वेदान्ती त्याला प्रातिभासिक म्हणतात. हे पत्ते दिवा आणला तरी जात नाहीत, नियमाने चालतात, त्यांवर हिशेब होतात. ही व्यावहारिक सत्ता झाली. असो, शब्द आता रुळलाय.

खरी गफलत दुसऱ्याच वाक्यात आहे: 'प्रोसेसला इतरांची किंवा कर्नलची मेमरी दिसत नाही.' यातल्या 'दिसत नाही'चे दोन अर्थ होतात. शेजारच्या प्रोसेसची नोंद आपल्या वहीत नसतेच, तो अभाव. कर्नलची नोंद मात्र असायची! ३२ बिटांच्या लिनक्समध्ये सहसा वरचा १ जीबी कर्नलचाच. नोंदीवर फक्त मनाईची खूण, तो निषेध. दर वेळी वही बदलायला नको, वेग राहावा, म्हणून ही सोय. त्यात ६४ बिटांच्या लिनक्सचं कर्नल सगळीच प्रत्यक्ष मेमरी आपल्या भागात मांडून ठेवतं. म्हणजे समोरच्या दाराने नसलेला शेजारी मागच्या दाराने हजर होता, नाही का?

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' जाहीर झालं. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत असं घडे, की मनाईचा निकाल लागण्याआधीच प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने उरकून घेई. निकाल विरुद्ध गेला की काम रद्द. पण कॅशमध्ये माग उरे, आणि वेळ मोजून त्यातून गुपित वाचता येई. निषेध मोडला नव्हता, उशिरा पोचला होता.

उपाय काय केला? लिनक्सने वह्याच वेगळ्या केल्या. प्रोग्राम चालताना कर्नलचा अगदी आवश्यक तुकडा तेवढा वहीत ठेवला, बाकीचा काढला. निषेधाच्या जागी अभाव आणला, आणि वेगात त्याची किंमत मोजली.

न्यायशास्त्र शिकलेल्याला अभाव आणि निषेध यांत गल्लत खपत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या जुन्या आकृतीत मात्र कर्नल आणि प्रोग्राम यांच्यामध्ये एक जाड रेघ असते, जणू ती भिंतच. ती भिंत नव्हती, पाटी होती; आणि आकृतीखाली तसं लिहायला एक ओळ पुरली असती.