इस्पिकचे दोन एक्के

जॉर्ज ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’ वाचलेल्या बहुतेकांना त्याचं शेवटचं पान आठवत असतं. अंधारात उभे असलेले प्राणी खिडकीतून घरात डोकावतायत. आत डुकरं आणि माणसं एकाच टेबलाभोवती बसली आहेत आणि बाहेरून बघणाऱ्यांना कोण डुक्कर, कोण माणूस हे कळेनासं झालंय. या पानाचा अर्थ आपण सगळे एकच लावतो. क्रांती करणारे शेवटी मालकांसारखेच होतात.

अर्थ चुकीचा नाही, पण पानावर त्याहून जास्त काही घडतंय. आत चाललेली पार्टी दोस्तीची आहे. भाषणं झाली आहेत, एकमेकांच्या कारभाराचं कौतुक झालंय, पेले रिकामे झालेत आणि पत्त्यांचा डाव सुरू झालाय. प्राणी हे बघून मागे फिरतात. थोडं पुढे जातात तोच आतून आरडाओरडा ऐकू येतो, म्हणून ते धावत परत येतात. नेपोलियन नावाचं डुक्कर आणि शेजारचा शेतकरी पिल्किंग्टन, दोघांनीही एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकलाय. चेहरे ओळखू येईनासे होतात ते या भांडणात.

ऑर्वेलने १९४७ साली पुस्तकाच्या युक्रेनियन आवृत्तीसाठी प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्याने स्पष्टच सांगितलं की शेवट डुकरं-माणसांच्या समेटावर होतो असं बऱ्याच वाचकांना वाटतं, पण त्याच्या मनात उलट होतं. हा प्रसंग त्याने तेहरान परिषदेनंतर लगेच लिहिला. २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९४३ या दिवसांत रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन पहिल्यांदाच एकत्र भेटले होते. इंग्लंडच्या राजाने स्टालिनग्राडच्या लोकांसाठी खास बनवून घेतलेली तलवार चर्चिलने तिथे स्टालिनच्या हाती दिली. आता या दोस्तांचं मस्त जमणार, असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. ऑर्वेलला ते फार टिकेल असं वाटत नव्हतं.

म्हणजे हिटलर अजून हरलेला नसताना, अणुबाँब अजून तयार झालेला नसताना, हा माणूस दोस्तांच्या भांडणाचा प्रसंग लिहून मोकळा झाला होता. त्याची किंमतही त्याने मोजली. हस्तलिखित फेब्रुवारी १९४४ मध्ये पूर्ण झालं. त्याचा नेहमीचा प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ नाही म्हणाला. जोनाथन केप आधी तयार होता. मग त्याने माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतला आणि तो मागे हटला. राज्य करणारी जमात म्हणून डुकरंच का, रशियन लोकांना हे लागेल, अशी त्याची अडचण होती. (या मंत्रालयाच्या रशिया विभागाचा प्रमुख पीटर स्मोलेट हा सोव्हिएत हेर होता, हे पुढे बाहेर आलं.) फेबर अँड फेबरकडून नकार कळवला तो कवी टी. एस. एलियटने. शेवटी सेकर अँड वॉरबर्गने पुस्तक काढलं, १७ ऑगस्ट १९४५ रोजी. दोनच दिवस आधी जपानने शरणागती जाहीर केली होती. युद्ध संपलं, दोस्तीची गरज संपली आणि हे पुस्तक दुकानात आलं.

आता त्या एक्क्याकडे बघू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकदाच असायला हवी अशी नोंद डेटाबेसमध्ये दोनदा सापडली, की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: खरी कुठली आणि बोगस कुठली? पत्त्यांच्या एका कॅटमध्ये इस्पिकचा एक्का एकच असतो. म्हणजे दोघांपैकी निदान एकाने लबाडी केली आहे. कुणी? ऑर्वेल सांगत नाही.

शीतयुद्धाच्या इतिहासकारांनी पुढची कित्येक दशकं याच प्रश्नावर घालवली. सुरुवातीच्या अमेरिकी इतिहासकारांचं म्हणणं होतं की लबाडी स्टालिनची. १९५९ साली विल्यम अ‍ॅपलमन विल्यम्सने बोट अमेरिकेकडे वळवलं. आपल्या मालासाठी जगभरची दारं उघडी हवीत, या तिच्या हट्टात त्याला भांडणाचं मूळ दिसलं. १९७२ साली जॉन लुईस गॅडिसने दोन्ही बाजूंच्या अडचणी मांडून मधली वाट काढायचा प्रयत्न केला.

ऑर्वेलचं मौन मात्र मला पळवाट वाटत नाही. ९ ऑक्टोबर १९४४ ची मॉस्कोतली रात्र घ्या. चर्चिलने एका कागदावर आकडे लिहिले: रुमानियात रशियाचा वाटा ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचा ९० टक्के, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे-निम्मे. स्टालिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर बरोबरची खूण केली. कागद जाळून टाकूया का, असं चर्चिलने विचारलं, तेव्हा स्टालिन म्हणाला, तुमच्याकडेच ठेवा. हे सगळं चर्चिलनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. एक साम्राज्यवादी, एक कम्युनिस्ट आणि कागदावर पानांसारखे वाटले जाणारे देश. त्या रात्री खिडकीतून कुणी बघितलं असतं, तर त्याला कोण कोण दिसलं असतं?

पण इथेच रूपककथा तोकडीही पडते. ऑर्वेलच्या टेबलावर विचारसरणीवरून वाद होतच नाही, कारण डुकरांची विचारसरणी तोवर संपलेली आहे. खरं जग असं नव्हतं. स्टालिन निर्दय होता, तरी भांडवलशाही देश शेवटी आपसातच लढतील हे मार्क्सवादी गणित तो खरोखर मानत होता. अमेरिकी नेतेही खुला बाजार आणि निवडणुका यांवर मनापासून विश्वास ठेवत होते. दोघांनाही आपापला एक्का अस्सलच वाटत होता. हातचलाखी करणाऱ्या दोन लबाडांच्या भांडणापेक्षा हे भांडण जास्त धोकादायक असतं, कारण लबाडाला निदान माहीत असतं की पान खोटं आहे.

दुसरी उणीव माणसांची. दोन्ही टोळ्या सारख्याच, हे बाहेर उभं राहून म्हणणं सोपं आहे. मार्च १९४५ मध्ये पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना बोलणी करायला बोलावून सोव्हिएत पोलिसांनी अटक केली आणि मॉस्कोत त्यांच्यावर खटला चालवला. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैनिक ग्रीक डाव्या प्रतिकार सैन्याशी लढत होते. हेच सैन्य आधी जर्मनांशी लढलं होतं. या दोन गोष्टी एकाच वजनाच्या आहेत का? वॉर्सात राहणारा आणि अथेन्समध्ये राहणारा यांचं उत्तर वेगळं येईल. कथा हा फरक पुसून टाकते. त्यात अमेरिका अशी वेगळी दिसतही नाही. पिल्किंग्टन म्हणजे आळसावलेला जुना जमीनदार, त्याच्यात ब्रिटनच जास्त आहे.

ही कसर ऑर्वेलने स्वतःच भरून काढली. १९ ऑक्टोबर १९४५ च्या ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात त्याने अणुबाँबवर एक छोटा लेख लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता. शस्त्र स्वस्त आणि सोपं असेल तर सामान्य माणसाला लढायची संधी मिळते. ते महाग आणि अवघड असेल तर ताकद दोन-तीन अवाढव्य राष्ट्रांकडे गोळा होते. अशी राष्ट्रं एकमेकांना जिंकू शकत नाहीत आणि सोडूही शकत नाहीत. या अवस्थेसाठी त्याने ‘कोल्ड वॉर’ हे शब्द वापरले. तेव्हा एकट्या अमेरिकेकडे बाँब होता. रशियाने पहिली चाचणी केली ती २९ ऑगस्ट १९४९ ला. पत्त्यांच्या टेबलावर जे कळत नव्हतं, ते इथे कळतं. डाव उधळूनही दोघं उठून का जात नाहीत? कारण तिसरं टेबलच नाही.

पुस्तकाचं पुढे काय झालं, ते त्याच्या शेवटच्या पानाला शोभेलसंच आहे. युक्रेनियन आवृत्ती म्युनिकमध्ये छापली गेली, ती छावण्यांत अडकलेल्या आणि मायदेशी परतायला घाबरणाऱ्या निर्वासितांसाठी. ऑर्वेलने मानधन घेतलं नाही. तिथल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी १५०० प्रती जप्त केल्या आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. वर्ष १९४७. त्याच वर्षी मार्चमध्ये ट्रूमनने कम्युनिझमला रोखण्याचं धोरण जाहीर केलं होतं. भाषणात वैर सुरू झालं होतं, ऑफिसातली दोस्ती मात्र अजून चालू होती.

१९५४ साली याच कथेवर हॅलस आणि बॅचलर यांनी अ‍ॅनिमेशनपट काढला. त्यामागचा पैसा सीआयएचा होता हे नंतर उघड झालं. सिनेमाच्या शेवटी प्राणी बंड करून डुकरांना उलथवतात. टेबलावर फक्त डुकरं आहेत. पिल्किंग्टन नाही, पत्ते नाहीत, एक्केही नाहीत. चित्रं अजूनही सुंदर वाटतात, पण ही कात्री साधी नाही. दोन खेळाडूंपैकी एकाने पैसे मोजून स्वतःला चित्रातून काढून घेतलं.

आपण आज हे पुस्तक बहुतेक वेळा या कापलेल्या रूपातच वाचतो. ज्या पक्षावर राग असेल त्याच्या नेत्याला डुक्कर ठरवायचं आणि मीम पुढे ढकलायचं. समोरच्या खुर्चीत कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला खिडकीबाहेरच्या प्राण्यांसारखं परत फिरून बघावं लागतं, आणि भांडणाचा आवाज आला की आपण बघत नाही, बाजू घेतो.

म्युनिकमध्ये जप्तीच्या आधी साधारण २००० प्रती वाटून झाल्या होत्या. त्या ज्यांच्या हाती पडल्या, त्यांनी स्टालिनचं राज्य भोगलं होतं आणि आता ते दोस्तांच्या छावणीत राहत होते. इस्पिकचे दोन एक्के म्हणजे काय, हे त्यांना प्रस्तावनेत समजावून सांगायची खरं तर गरज नव्हती.