रक्तवाहिनी म्हणजे रबरी नळी नव्हे

उच्च रक्तदाब शिकवताना रक्तवाहिनीला जुन्या रबरी नळीची उपमा दिली जाते: वय झाले, नळी ताठरली, दाब वाढला. आमच्या मते ही उपमा अर्धीच खरी आहे.

१९८० साली फर्चगॉट व झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीच्या कड्यांना ॲसिटिलकोलीन दिले. आतील अस्तर शाबूत असलेली कडी सैलावली. अस्तर खरवडलेली सैलावली नाही. म्हणजे सैलावण्याचा निरोप अस्तर स्नायूंना देते. हा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झाले.

१९६३ मध्ये जपानमध्ये ओकामोटो व आओकी यांनी उपजत उच्च रक्तदाबाच्या उंदरांचा वाण तयार केला. या उंदरांच्या धमन्या वयाबरोबर नीट सैलावेनाशा होतात. त्यांचे अस्तर आकुंचन घडवणारे पदार्थही सोडते. ताठरपणाने दाब वाढतो, तसा दाबानेही अस्तर बिघडते. ही दुसरी बाजू नळीच्या उपमेत येतच नाही.

मिठामुळे रक्तदाब वाढलेल्या उंदरांना औषधे दिल्यावर सैलावण्याची क्षमता परतल्याचे १९८७ साली दिसले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण विटलेले रबर कधीच सुधारत नाही. देऊळगाव राजात काय किंवा मुंबईत काय, ‘आता वयच झाले’ म्हणून गोळी सोडणाऱ्या आजोबांच्या नातवंडांना हा फरक वर्गातच कळायला हवा.