झोळीतली थंडी आणि तीन गुणांचा प्रश्न

गेल्या जानेवारीत आम्ही तिघे सहकारी महाबळेश्वरच्या बाजूच्या रानात दोन रात्री हॅमॉकमध्ये झोपलो. हॅमॉक म्हणजे दोन झाडांच्या मध्ये बांधायची नायलॉनची मोठी झोळी. तिच्याबरोबर दुकानातून एक माहितीपत्रक मिळाले होते. थंडीत ऊब कशी राखावी याच्या सूचना त्यात होत्या. अशा पत्रकाचे परीक्षण करण्याचे एरवी काही कारण नाही. पण त्यातल्या चुका आणि शाळेतल्या उष्णतेच्या धड्यातली उणीव यांचे मूळ एकच आहे, असे आम्हांला पहिल्या रात्री दोन वाजता, पाठ गारठलेली असताना, वाटले. सकाळी चहा पिऊन पुन्हा विचार केला, तरी मत बदलले नाही.

पत्रकाचे म्हणणे थोडक्यात असे : जाड स्लीपिंग बॅग असली की पुरे, गरम हवा वर जाते म्हणून थंडी खालून येते, आणि चकाकणारी ॲल्युमिनियमची चादर अंगाखाली घातली की शरीराची नव्वद टक्के उष्णता परत मिळते.

पहिले विधान घेऊ. स्लीपिंग बॅग ऊब निर्माण करत नाही. तिच्यातले तंतू हवेला जागच्या जागी अडकवून ठेवतात आणि अशी अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते स्थिर हवेच्या जाडीसाठी. झोळीत पडल्यावर वरची जाडी तशीच राहते. खालची मात्र आपल्याच वजनाने चेपते. पाच सेंटिमीटरचे अस्तर पाच मिलिमीटरवर येते.

याचा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. अस्तराची वाहकता सुमारे ०.०४ वॅट प्रति मीटर प्रति अंश सेल्सिअस, पाठीकडचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, त्वचा ३३ अंशांवर, बाहेरची हवा ८ अंशांवर. जाडी ५ सेंटिमीटर असेल तर पाठीतून १० वॅट जातात. ५ मिलिमीटर असेल तर १०० वॅट. झोपलेल्या माणसाचे शरीर एकूण सुमारे ७५ वॅट उष्णता निर्माण करते. मग हे १०० वॅट येणार कोठून?

बहुतेक विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी एक जण, येथे उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळा होईल. पण उत्तर अशक्य येते, ते आपण काहीतरी विसरलो म्हणून. झोळीच्या कापडाला बाहेरून हवेचा एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. वारा पडलेला असेल तर हा पापुद्रा जवळजवळ ४ मिलिमीटर जाडीच्या अस्तराचे काम करतो. तो धरला की जाडी ९ मिलिमीटर होते आणि आकडा ५५ वॅटवर येतो. वारा सुटला की पापुद्रा उडून जातो आणि आकडा पुन्हा शंभराकडे सरकू लागतो. शरीर तेवढी उष्णता पुरवू शकत नाही. मग पाठीची त्वचा थंड पडते आणि माणूस कुडकुडत जागा होतो. पहाटेची एक झुळूक का झोंबते, ते या ४ मिलिमीटरांत आहे.

आता दुसरे विधान. तापलेली हवा वर जाते हे खरेच. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष पत्रकाच्या उलट आहे. झोळीच्या तळाशी ऊबदार कापड वर आणि थंड हवा खाली अशी मांडणी असते. कापडालगत तापलेल्या हवेला वर जायला वाट नाही, म्हणून तेथे अभिसरण मंदच चालते. पाठ गारठते ती चेपलेल्या अस्तरामुळे आणि वाऱ्यामुळे. जमिनीतून थंडी ‘चढते’ ही कल्पनाही तपासून पाहावी. निरभ्र, निवांत रात्री गवत आकाशाकडे प्रारणाने उष्णता टाकत राहते आणि वरच्या हवेहून थंड होते. वेण्णा तलावाकाठी गवतावरचे दव गोठते, तेव्हा गावातला तापमापक शून्याच्या वरच असतो, तो यामुळेच. कमरेइतक्या उंचीवर बांधलेली झोळी अशा रात्री गवतापेक्षा थोड्या ऊबदार हवेतच असते.

तिसरे विधान सर्वांत फसवे, कारण त्यातला आकडा खोटा नाही. चकाकणारे ॲल्युमिनियम प्रारणाने आलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परतवते. पण फक्त प्रारणाचा, आणि तोही समोर हवेची पोकळी असेल तर. चादर पाठीला टेकली की उष्णता वहनाने जाते आणि चकाकीचा उपयोग संपतो. शिवाय अशा चादरीतून बाष्प बाहेर पडत नाही. न जाणवणाऱ्या घामाचे पाणी रात्रभरात शंभर मिलिलिटरच्या आसपास भरते. थंड चादरीवर त्याचे सांद्रीभवन होते आणि ओले अस्तर पाठीला लागते. आमच्यापैकी एकाने ही चादर वापरली होती. तो पाऊस पडला असेच समजून उठला.

हॅमॉक मुळात कॅरिबियन बेटांवरचा. १४९२ च्या सफरीत कोलंबसाने तो तेथे पाहिला आणि ‘हमाका’ हा तेथील लोकांचा शब्द स्पॅनिशमधून जगभर गेला. दमट उष्ण हवेत पाठीला खालून वारा लागावा हाच त्याचा गुण. पुढे तो जहाजांवर गेला, तेव्हा नाविकांच्या झोळीत गादी आली. अलीकडे अमेरिकेतले पदभ्रमण करणारे झोळीच्या बाहेरून, खाली, वेगळी रजई टांगतात. वजन तिच्यावर पडत नाही म्हणून ती चेपत नाही. मात्र ती झोळीला सैलसर टेकलेली हवी. मध्ये फट राहिली तर वारा शिरतो. दुसऱ्या रात्री आम्ही फेसाची कॅरीमॅट आत घातली, कारण बंद कप्प्यांचा फेस वजनाने फारसा चेपत नाही, आणि खालून दोरीने एक गोधडी टांगली. तिघेही सहापर्यंत झोपलो. वर ताडपत्री लावून आत शेगडी ठेवण्याचा सल्लाही आम्हांला एकाने दिला होता. तो कोणी मानू नये. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि झोपलेल्याला त्याचा वास येत नाही.

शाळेतल्या धड्याशी आमचे भांडण एवढेच आहे. वहनाला तव्याचे, अभिसरणाला पातेल्यातल्या पाण्याचे आणि प्रारणाला सूर्याचे उदाहरण देऊन तीन व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. परीक्षेत तीन गुण मिळतात. त्यात चूक काहीच नाही. पण एकाच वस्तूतून तिन्ही वाटांनी उष्णता जात असताना त्यांतली मोठी वाट कोणती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पत्रक लिहिणाऱ्यालाही तिन्ही व्याख्या येत असणार. त्याने अभिसरण नको तेथे लावले आणि प्रारण नको तेथे मोजले.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग येथे सुचवतो. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. तिन्हींसाठी एकाच वजनाचा कापूस घ्या. दोन बाटल्यांभोवती तो पिंजून सैल गुंडाळा आणि तिसरीभोवती दोऱ्याने आवळून बांधा. सैल कापसाची एक बाटली पंख्याखाली ठेवा. दर पाच मिनिटांनी तिन्ही तापमाने फळ्यावर लिहा. पण सुरू करण्यापूर्वी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. आवळलेली बाटली आधी थंड होईल हे बरेच जण सांगतील. पंख्याखालच्या बाटलीबद्दल वाद होईल. तो होऊ द्यावा, आणि मग त्याच कापसावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून प्रयोग पुन्हा करावा.