सिद्दी : रंगमंचावरचा आणि शेजारचा

सिद्दी म्हटले की आपल्यासमोर उभा राहतो तो १६६० चा पन्हाळ्याचा वेढा. शाळांच्या नाट्यप्रवेशांतून सिद्दी जौहर माझ्या पाहण्यात बहुधा एकाच साच्यातून निघाला आहे : काळाकभिन्न, डोळे वटारणारा, गडगडाटी हसणारा. तो शत्रूचा सेनापती. त्याच्याविषयी प्रेम वाटावे असे कोणी म्हणत नाही. पण पावसाळा लागला तरी वेढा न उठवणाऱ्या या माणसाची चिकाटी संवादांत कुठेच नसते. तोंडाला काजळ फासले की पात्र झाले, अशी आपली समजूत. माझी तक्रार नेमकी ही आहे.

मलिक अंबर हाही हबशीच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांशी तो लढला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. शरीफजी तिथेच पडले. हा प्रवेश मात्र कोणी बसवत नाही!

सीमाभागात हा प्रश्न नाटकापुरता उरत नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले. त्यांतले कित्येक घाट चढून रानात पळाले. त्यांचे वंशज खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागात राहतात, कोकणी-मराठी बोलतात. उत्तर कन्नडमधील सिद्दींचा २००३ साली अनुसूचित जमातींत समावेश झाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले. तरी एस्टीत शेजारी बसलेला माणूस अजून विचारतोच, "तुम्ही कुठल्या देशाचे?" विचारणाऱ्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ते इथलेच असतील.

दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवू? नव्याने नोकरीला लागलो तेव्हा स्नेहसंमेलनासाठी मी पावनखिंडीचा प्रवेश बसवला होता. जौहरसाठी वर्गातल्या एका सिद्दी मुलाचे नाव घेतले आणि वर म्हणालो, "याला काजळ लावायला नको." वर्ग हसला. तोही हसला. माझा हेतू वाईट नव्हता, असे बरीच वर्षे मी स्वतःला सांगत आलो. त्या मुलाचा आवाज वर्गात सर्वांत खडा होता आणि बाजीप्रभूंची भाषणे त्याला तोंडपाठ होती. ती भूमिका त्याला द्यावी, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही.

तो दोन दिवस तालमीला आला. तिसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहिला. आम्ही दुसऱ्या मुलाला काजळ फासले.